मुलुंडच्या टबाचं झाकण

ज्या बाईनं मला फिट येतात असं सगळ्या नात्यागोत्यात पसरवलं, तिच्या घरच्या टबाचं झाकण मी दोनदा शिवलं. पहिलं मुद्दाम वाईट शिवलं. दुसरं चांगलं शिवलं, पण तेही तिच्या भल्यासाठी नव्हे.

माझा साखरपुडा झाला तेव्हा आम्ही विक्रोळीला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील तिथेच कारखान्यात होते. मुलगा मुलुंडचा, इंजिनिअर. साखरपुड्याच्या दिवशी त्याच्या आईनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही आता आमची हं. तुमची नाही." माझी आई कौतुकानं रडली. पाच आठवड्यांनी मध्यस्थ येऊन साखरपुड्याची साडी परत मागून घेऊन गेले. त्या लोकांना दुसरं स्थळ मिळालं होतं. त्या मुलीचे काका अमेरिकेत होते, ते मुलाला तिकडे नोकरी लावून देणार होते. हे आम्हाला नंतर कळलं. पण साखरपुडा मोडला तर लोक कारण विचारतात. मग त्या बाईनं कारण तयार केलं. मुलीला फिट येतात, घरच्यांनी लपवलं, नशीब आम्हाला वेळेवर कळलं.

मला आयुष्यात कधी साधी चक्करही आलेली नाही.

पुढची तीन-चार वर्षं जे स्थळ येई ते "चौकशी करून कळवतो" म्हणून जाई आणि गप्प होई. वडिलांना कुणीतरी सुचवलं म्हणून ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि मला असा काही आजार नाही असं लिहून घेऊन आले. तो कागद ते शर्टाच्या खिशात ठेवत. लग्नाकार्यात कुणी हळू आवाजात विचारलं की बाहेर काढून दाखवत. कागद बघितला की माणसांची खात्रीच पटायची की काहीतरी असणार, नाहीतर बाप कागद घेऊन कशाला फिरेल. मी त्यांना किती वेळा म्हटलं, "बाबा, फाडून टाका तो." ते म्हणायचे, "अगं, खरं आहे ते. खऱ्याला काय भ्यायचं?" घड्यांवर कागद फाटला तेव्हा त्यांनी तो मागून चिकटवला. ते गेले तेव्हाही तो खिशात होता. त्यांच्या दहाव्यालासुद्धा मला रडू कमी आणि संताप जास्त येत होता. त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

वडिलांच्या माघारी आई आणि मी घाटकोपरला दोन खोल्यांत आलो. मी शिवणाचा क्लास केला होता, पण ब्लाउज शिवायला बसले की बायका बोलायला लागत आणि बोलता बोलता लग्नावर येत. म्हणून मी वस्तूंची कव्हरं शिवायला लागले. वस्तू प्रश्न विचारत नाही. तेव्हा घरोघर रंगीत टीव्ही येत होते, आणि टीव्ही आला की आधी त्याला कव्हर लागे. फ्रिज, मिक्सर, स्कूटर, पेटी, सगळ्याला कव्हर. स्टेशनपासून आत गल्लीत मी एक छोटा गाळा घेतला. दोन वर्षांत माझं नाव झालं, कारण मी वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय कापड कापत नसे. दुसऱ्याच्या कव्हरात टीव्ही झोळीत घातल्यासारखा दिसायचा. माझं कव्हर अंगावर बसायचं.

एका फेब्रुवारीत दुपारी एक बाई गाळ्यात आली. तिशीच्या आतबाहेरची, सुती साडी, बोलणं मऊ. म्हणाली, "आमच्याकडे एक मोठी वस्तू आहे. तुम्ही घरी येऊन माप घ्याल का?"

"काय वस्तू?"

ती जरा लाजली. "टब आहे. गरम पाण्याचा. आम्ही अमेरिकेत होतो, तिकडून सामानाबरोबर आणला. चारजण बसतील एवढा. त्याचं झाकण बोटीत फुटलं. आता वर प्लायवूड टाकतो आणि त्याच्यावर ताडपत्री. बाजूनं वाफ जाते, पाणी गार होतं, जांभळाची पानं पडतात. डास तर विचारू नका. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलंय, म्हणून तो ठेवलाय. नाहीतर इथे कोण वापरणार?"

मी पत्ता लिहून घेतला. मुलुंड. मग आडनाव. मी पेन्सिल थांबवून तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग मी विचारलं, "तुमच्या काकांमुळे गेलात का अमेरिकेला?" ती हसून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं? हो, काकांनीच बोलावलं ह्यांना."

मी म्हटलं, "सहज. सगळ्यांचे काकाच असतात तिकडे."

घरी आईला सांगितलं. आई भडकली. घरात आम्ही मालवणीच बोलायचो. "तू थंय जातलंस कशाक?" ती म्हणाली. "तुका कामां कमी पडली काय? तिच्या दारात परत उभ्या ऱ्हवचा नाय." मी म्हटलं, मी काही मागायला जात नाही. आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि ती स्टोव्हकडे वळली. मला वाटतं तिला कळलं होतं.

बंगला बैठा होता, मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली तो टब. फिकट निळा, चौकोनी, कोपरे गोल, बाहेरून लाकडी फळ्या, कमरेएवढा उंच, चढायला दोन पायऱ्या. आणि शेजारी वेताच्या खुर्चीत ती. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, गुडघ्यांना लोकरी पट्टे. मी समोर जाऊन उभी राहिले.  तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "टाकीचं माप घ्यायला आलीस ना? मग घे की."

तिनं मला ओळखलं नाही. जिच्या एका वाक्यानं माझ्या बापाला खिशात कागद घेऊन फिरायला लावलं, तिला माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता. तोपर्यंत माझं काही नक्की नव्हतं. त्या क्षणी ठरलं.

मी माप अगदी नीट घेतलं. असं झाकण शिवताना पाण्याचं माप घेऊन चालत नाही, काठाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यावं लागतं. कोपऱ्यांची गोलाई टेपनं येत नाही. मी वर्तमानपत्र पसरून चारही कोपरे बोटानं दाबून उमटवले आणि एकेक कापून घेतले. चारांपैकी एक कोपरा थोडा वेगळा निघाला, तोही वेगळा लिहिला.  सूनबाई बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "किती बारकाईनं करता हो तुम्ही."

मग काय कापड, काय भराव, हे ठरवायचं होतं. मी भरावाचे दोन नमुने समोर ठेवले. बरोबर काय ते मला पक्कं ठाऊक होतं. थर्माकोलच्या जाड पाट्या, मध्ये जाड आणि कडेला उतरत्या, म्हणजे वरचं पाणी वाहून जातं. त्या पाट्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडा इस्त्रीनं बंद करायच्या. वर रेक्झिन. मध्ये दुमड, म्हणजे अर्धं उघडता येतं. असं झाकण एक बाई एका हातानं उचलते.

मी दुसरा नमुना पुढे केला. गादीचा फोम. "काकू, हे बघा किती मऊ. थर्माकोल काय, गणपतीच्या मखराचा असतो तो. तुमच्यासारख्यांच्या घरात शोभत नाही."

काकूंना ते पटलं. "मखराचं नको," त्या म्हणाल्या. "आणि मरून रंगाचं घे. लोक बघायला येतात."

सूनबाईनं फोम हातात घेऊन दाबला. तिनं बरोबर तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. "ह्याच्यात वाफ जाणार नाही ना? पाणी पिऊन जड नाही ना होणार?"

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही हो वहिनी. रेक्झिन आहे ना बाहेरून."

प्लास्टिक मी घातलंच नाही. खालच्या बाजूला टाके मुद्दाम मोठे घातले, म्हणजे प्रत्येक भोकातून वाफ आत जाईल. झालर मात्र काय सुंदर बसवली! लावायला गेले तेव्हा चारही कोपरे असे बसले की सुरकुती नाही. काकू खूश. शेजारणींना हाक मारून दाखवलं. "विलायतेत पण असं मिळणार नाही," म्हणाल्या. मी तिथे उभी राहून चहा प्यायले आणि मनात हिशेब केला की पावसाळ्यापर्यंत हे धोंड्यासारखं होईल, दिवाळीपर्यंत आतून कुजेल, आणि गुडघे धरून ही बाई टाकीच्या बाहेर बसून राहील.

ते चार-पाच महिने मी फार मजेत होते, खोटं कशाला सांगू. मशीनवर बसले की मला दिसायचं, फोम थेंब थेंब पाणी पितोय. आई विचारायची, "हसतंस कित्याक?" मी म्हणायचे, काही नाही.

श्रावणात सूनबाई गाळ्यात आली. मी तिला आधी ओळखलंच नाही. ती वाकून चालत होती. साडीवरून कमरेला डॉक्टरी पट्टा होता. काउंटरवर दोन्ही हात टेकून ती उभी राहिली आणि थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. मी स्टूल दिलं तर म्हणाली, "बसता येत नाही. बसले तर उठता येत नाही."

"काय झालं?"

"झाकण खूप जड झालंय हो. पाणी भरलंय त्यात. दिवसातून दोनदा उघडायचं, दोनदा लावायचं. हे कामासाठी कायम बाहेरगावी. कामवाली हात लावत नाही. मी एकटी उचलते. गेल्या महिन्यात उचलताना कमरेत काहीतरी झालं. डॉक्टर म्हणतात मणका सरकलाय."

"आणि काकू?"

"त्या खुर्चीत असतात. त्या म्हणतात, एवढंसं झाकण उचलता येत नाही, माहेरी काय खायला घालत नव्हते का? काल मी म्हटलं, आज नको, दुखतंय. तर म्हणाल्या, मग मी मरू का दुखून?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही ते हलकं करून द्याल का? काय लागेल ते करा. पण लवकर करा."

मीच त्या स्टुलावर बसले. ते झाकण म्हातारी स्वतः उचलणार नाही, हे मला कळायला हवं होतं. इतक्या घरांत जाऊन मापं घेतली होती मी. कोण हुकूम सोडतं आणि कोण वाकतं हे बघितलेलं होतं. खरं सांगायचं तर हिच्यावरही माझा राग होताच. हिच्या काकांमुळे माझं लग्न मोडलं होतं. पण ती माझ्यासमोर काउंटर धरून उभी होती, आणि तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "ते चुकून झालेलं नाही. मी मुद्दाम केलं."

तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. प्लास्टिक घातलं नाही, टाके मोठे घातले, वाफ जाणार हे मला माहीत होतं.

"पण का? मी तुमचं काय केलं होतं?"

मग मी सांगितलं. विक्रोळी, साखरपुडा, साडी, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. माझं संपल्यावर ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे त्या फिट येणाऱ्या तुम्ही?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. कुणी पाहुणी आली की सासूबाई सांगतात. विक्रोळीची एक मुलगी होती, तोंडाला फेस यायचा, आम्ही थोडक्यात वाचलो. मला पण दहादा सांगितलंय. तुझं नशीब म्हणून तुला हे घर मिळालं, असं."  मग लहान मुलानं विचारावं तसं तिनं विचारलं, "येतात का हो खरंच?"

"नाही. कधीच नाही."

 मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि तिनं द्यायलाच हव्या होत्या. ती म्हणाली, "माझी कंबर तुम्ही मोडलीत."

"हो."

"त्यांची मोडायची होती."

"हो."

"मग आता नीट करून द्या," ती म्हणाली. "आणि ह्या वेळेला मला विचारून करा."

आम्ही दोघींनी ते झाकण ठरवलं. तिथेच, काउंटरवर कागद पसरून, ती उभी आणि मी बसलेली. थर्माकोल, प्लास्टिक, मधली दुमड, हलकी चेन, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. एवढं झाल्यावर मी म्हटलं, "तुमच्याकडे लहान मूल आहे?"

"मुलगी आहे. तीन वर्षांची."

"मग कुलूप हवंच. पोर वर चढून आत पडली तर? चारही बाजूंनी पट्टे खाली घेऊ आणि एका पट्ट्याला कुलूप. किल्ली एकच."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पेन्सिलनं कागदावरच्या टबाच्या बाजूला, अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक खूण केली. "कुलूप इथे. पोराच्या नजरेला येणार नाही असं. मोठ्या माणसाला खाली बसावं लागेल."

"मलाही बसता येत नाही हो आत्ता."

"तुमची कंबर बरी होईल," मी म्हटलं. "गुडघे नाही होत."

ती पहिल्यांदा हसली. हसताना तिला दुखलं, म्हणून तिनं कंबर धरली आणि तरी हसत राहिली.

नवीन झाकण मी आठ दिवसांत दिलं, आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही. जुनं काढायला मला आणि टेम्पोवाल्याला दोघांना मिळून जोर लावावा लागला. बाहेर अंगणात टाकलं तर त्यातून घाण वासाचं पाणी वाहत राहिलं. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "हे कसलं काम केलंस गं? बघ तरी."

"चुकलं काकू," मी म्हटलं. "आता नीट आणलंय."

नवीन झाकण बसवलं. सूनबाईनं एका हातानं अर्धं उघडून दाखवलं, पुन्हा लावलं. मग मी पट्टे ओढले, खाली बसून कुलूप लावलं आणि किल्ली सूनबाईच्या हातात दिली. काकूंनी खुर्चीतून हात पुढे केला. "किल्ली इकडे दे. ती हरवेल."

"तुमचा काय उपयोग काकू," मी म्हटलं. "कुलूप खाली आहे. तुम्हाला वाकवणार नाही."

काकूंनी खाली बघितलं. त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्या सुनेला म्हणाल्या, "वर का नाही लावून घेतलंस?"

"लहान मूल आहे ना घरात," सून म्हणाली आणि तिनं किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचली.

मी निघायला हवं होतं. पण तेवढ्यावर माझं भागत नव्हतं. मी खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "काकू, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी विक्रोळीची. कंपनीच्या क्वार्टर्समधली. तुमच्या मुलाशी माझा साखरपुडा झाला होता. मला फिट येतात असं तुम्ही लोकांना सांगितलंत."

मी किती वर्षं हे वाक्य पाठ केलं होतं. मला वाटलं होतं ती पांढरी पडेल, हात जोडेल, निदान ओरडेल. तिनं डोळे बारीक करून मला पाहिलं. "असेल बाई," ती म्हणाली. "तेव्हा काहीतरी सांगावंच लागतं ना. तसंच मोडता येतं का लग्न?"

एवढंच. जसं काही बस चुकली म्हणून उशीर झाला. मला तिचा गळा धरावासा वाटला. मी माझा टेप गुंडाळला, पिशवीत टाकला आणि फाटकाबाहेर आले. बस येईपर्यंत माझे हात थरथरत होते. तिथून जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हिला खरंच फिट येतेय.

त्यानंतर सूनबाई अधूनमधून गाळ्यात यायची. मिक्सरचं कव्हर, शिलाई मशीनचं कव्हर, काही ना काही काढून. कंबर हळूहळू सुधारली. टब ती आता तिला वेळ असेल तेव्हा उघडायची. सकाळी मुलीची बालवाडी झाल्यावर, संध्याकाळी स्वतःचा चहा झाल्यावर. "आधी हाक मारायच्या, ए, झाकण उघड. आता म्हणतात, अगं, जरा जमेल का तुला?" ती सांगायची. "कधीकधी मी म्हणते, आज नाही जमणार." ते "नाही जमणार" ती अशा चवीनं म्हणायची की मला तिच्यासाठी पुन्हा चहा मागवावासा वाटे.

संक्रांतीनंतर ती आली तेव्हा बाहेरूनच हसत आली. त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका, निम्म्या नात्यातल्या. बायका टब बघायला मागे गेल्या. कुणीतरी झाकणाचं कौतुक केलं आणि विचारलं, कुठे शिवलं. काकू म्हणाल्या, घाटकोपरला कोण एक बाई आहे.

"तर मी म्हटलं," सूनबाई म्हणाली, "कोण एक बाई नाही, त्याच विक्रोळीच्या. आईंनी ज्यांना फिट येतात असं सांगितलं होतं ना, त्याच. त्यांना कधीच फिट आलेली नाही. आईंनीच माझ्यासमोर कबूल केलंय, लग्न मोडायला काहीतरी सांगावं लागतं म्हणून. विचारा हवं तर. बसल्यात इथेच."

मी मशीन थांबवलं. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"कोण कोण होतं?"

तिनं सांगितलं. त्यातल्या दोन बायका अशा होत्या की ज्यांच्या घरून माझ्यासाठी स्थळ आलं होतं आणि परत गेलं होतं. त्यातल्या एकीनं बाबांचा कागद हातात घेऊन, वाचून, त्यांना परत दिला होता.

"आणि ती काय म्हणाली? म्हातारी?"

"काही नाही. तिळगूळ तोंडात होता, तो तसाच राहिला. मग एका मावशींनी विचारलं, खरं का हो? तर म्हणाल्या, मला आत न्या, माझे पाय दुखतायत. कुणी उठलं नाही."

"कुणीच नाही?"

"मी पण नाही."

गाळ्याबाहेर रस्ता चालू होता. स्कूटरच्या कव्हरासाठी एक माणूस येऊन उभा राहिला, त्याला मी हातानं थांब म्हटलं. सूनबाईला मी स्टूल दिलं, आता ती बसू शकत होती. दोन चहा सांगितले. मग मी तिला म्हटलं, पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून, आणि कोण कुठे बसलं होतं तेही सांग.